कपाटातली टेप म्हणजे जतन नव्हे

"सर, आमचं सगळं सुरक्षित आहे. टेपवर बॅकअप आहे." एका उर्दू-मराठी शिक्षणसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. जुने अंक, स्मरणिका, अहवाल, सगळं त्यात होतं. कपाटातून डीडीएसची एक छोटी कार्ट्रिज निघाली. मी विचारलं, "शेवटची कधी वाचली होती?" कुणीच काही बोललं नाही.

वाचायला बसलो तेव्हा खरी कहाणी सुरू झाली. ड्राइव्ह मागून आणला, तो स्कझी जोडणीचा. तसं कार्ड आजच्या कॉम्प्युटरात नसतं, तेही शोधलं. लिनक्सवर टार चालवलं, तर ही टारची टेपच नाही असं उत्तर. ती विंडोजच्या एनटीबॅकअपने लिहिलेली होती, आणि तो प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने व्हिस्टापासून काढून टाकला. शेवटी डीडीने टेप जशीच्या तशी उतरवून घेतली आणि वेगळ्या प्रोग्रामने फायली सोडवल्या. उघडल्या तर उर्दू जुन्या इनपेजमधली, मराठी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी!

"तंत्रज्ञान बदलतं, त्याला कोण काय करणार?" ही सबब मला मान्य नाही. टार 1979 पासून युनिक्समध्ये आहे. फाइलचं नाव, आकार, तारीख ही माहिती टार साध्या अक्षरांत लिहितो, म्हणून एका मशीनवरची टेप दुसऱ्या जातीच्या मशीनला समजते. जुन्या बायनरी सीपीआयओत हेच आकडे मशीनच्या बाइटक्रमाने लिहिले जात आणि दुसरीकडे उलटे वाचले जात. म्हणजे वाचणारा कोण असेल याचा विचार लिहितानाच करावा लागतो.

"टेप तीस वर्षं टिकते," असंही ऐकवतात. टेप टिकेलही, पण ड्राइव्हचं काय? एलटीओ-7 चा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचतो, एलटीओ-8 चा फक्त एका पिढीची. नासाने 1966-67 मध्ये काढलेल्या चंद्राच्या छायाचित्रांच्या टेप होत्या, पण त्या वाचणारी अँपेक्सची यंत्रं दुर्मिळ झाली होती. एका निवृत्त अर्काइव्हिस्ट बाईंनी ती घरी सांभाळली, म्हणून 2008 मध्ये ती चित्रं पुन्हा उतरवता आली.

आणि आपल्याला हे कुणी शिकवायला हवं का? रमजानच्या तरावीहमध्ये हाफिजसाहेब कुरआन तोंडपाठ म्हणतात, मागे दुसरे हाफिज कान देऊन उभे असतात. कुठे अडलं की लगेच लुकमा देतात. दरवर्षी पठण, दरवर्षी तपासणी, आणि तीही दुसऱ्याकडून. जतन याला म्हणतात. कुरआन आपण असा सांभाळला आणि आपल्याच संस्थांचा इतिहास मात्र कपाटात कोंडून ठेवला.

म्हणून संस्थाचालकांना माझं सांगणं आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणा. टेपवर ठेवायचाच तर टारसारख्या खुल्या पद्धतीने लिहा, आणि कशाने लिहिलं, ब्लॉकचा आकार किती, हे लेबलवर नोंदवा. वर्षातून एकदा ती टेप दुसऱ्याच्या मशीनवर वाचून बघा. ड्राइव्हची पिढी जाण्याआधी मजकूर पुढच्या टेपवर न्या.

उद्या कुणी म्हणेल, मराठी मुसलमानांनी लिहिलं तरी काय? तेव्हा कपाटाकडे बोट दाखवून चालणार नाही. वाचून दाखवावं लागेल.