प्रॅक्टिकलचे गुण कोण देतं?

मेरिट, मेरिट हा शब्द आपल्याला लहानपणापासून ऐकवला जातो. पण हे मेरिट मोजतं कोण, कोणत्या मापानं मोजतं, आणि मोजून झाल्यावर ते माप आपल्याला दाखवतं का? लेखी परीक्षेबद्दल आपण हे थोडंफार विचारतो. प्रॅक्टिकलबद्दल मात्र आपण गप्प असतो.

भंडारा जिल्ह्यातल्या एका विहारात आम्ही संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो. आयटीआयमधून 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स'चा ट्रेड केलेली काही मुलं-मुली तिथे येतात. त्यातल्या एका मुलाने नागपूरला जाऊन सर्व्हर-नेटवर्किंगची एका कंपनीची सर्टिफिकेशन परीक्षा दिली. फी बापाने धान विकून भरली होती. मुलगा नापास झाला. हातात आला तो फक्त विभागवार टक्क्यांचा कागद.

आमच्यातल्या काहींनी लगेच निकाल लावला, "आडनाव पाहून पाडलं असेल." पण त्या परीक्षेत आडनाव पाहणारं कुणी नव्हतंच. तपासणी संगणकाने केली होती. मग आम्ही विहारातल्या जुन्या मशीनवर तसंच काम त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं. सगळं बरोबर चाललं. मशीन बंद करून चालू केली आणि सगळं पुसलं गेलं. पठ्ठ्याने सेटिंग कायमस्वरूपी सेव्हच केली नव्हती.

अशा परीक्षा कशा तपासल्या जातात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत प्रत्यक्ष मशीनवर काम करावं लागतं. ३०० पैकी २१० गुणांना पास, आणि केलेली सेटिंग मशीन रीबूट झाल्यावरही टिकलेली असावी लागते. सिस्कोच्या सीसीआयई लॅबमध्ये सलग आठ तास काम. २०२० पासून तिचे दोन भाग आहेत, डिझाइनचे तीन तास आणि प्रत्यक्ष उभारणीचे पाच. दोन्ही भागांत किमान पातळी गाठावी लागते आणि एकूण गुणही पुरेसे लागतात. एका भागात कितीही चमकलात तरी दुसऱ्यातली घसरण भरून निघत नाही. इथे तुम्ही किती घाम गाळला याला गुण नाहीत. शेवटी नेटवर्क सांगितल्याप्रमाणे चालतंय का, एवढंच पाहिलं जातं.

म्हणून काही मित्र म्हणतात, "बरं झालं, यंत्राला जात नसते." हे अर्धं खरं आहे. यंत्र आडनाव विचारत नाही, पण यंत्र चूकही सांगत नाही. सीसीएनएची फी ३०० डॉलर, म्हणजे २५,००० रुपयांहून जास्त. तरीही पास व्हायला नेमके किती गुण लागतात हे सिस्को जाहीर करत नाही. पुण्या-मुंबईत क्लास लावणाऱ्याला आतल्या खाचाखोचा सीनियर सांगतो. लाखांदूर-साकोलीच्या पोराला कोण सांगणार? जात तपासणीच्या खोलीत नसली, तरी त्या खोलीपर्यंत पोचण्याच्या रस्त्यावर ती आहेच.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या नेटवर्कच्या ट्रेडबद्दल आपण बोलतोय, त्याच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात ६०० गुण आहेत. ट्रेड प्रॅक्टिकल २५०, वर्षभरातलं अंतर्गत मूल्यमापन २००, थिअरी १०० आणि रोजगारक्षमता कौशल्ये ५०. म्हणजे ६०० पैकी ४५० गुण माणसाच्या हातात. थिअरीत पास व्हायला ३३ टक्के पुरतात, प्रॅक्टिकल आणि अंतर्गत मूल्यमापनात ६० टक्के लागतात. शिवाय अंतर्गत मूल्यमापन करताना वर्तणूकही लक्षात घ्यायची असते. प्रश्न विचारणारा मुलगा कुणाला 'जिज्ञासू' वाटतो आणि कुणाला 'उद्धट', हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सगळे निदेशक जातीयवादी आहेत, असं आम्ही म्हणत नाही. आमच्या कित्येक मुलांना निदेशकांनीच स्वतःच्या वेळात शिकवलं आहे. पण चांगला माणूस भेटणं हे नशीब झालं, आणि आपला लढा नशिबासाठी नाही, हक्कासाठी आहे. दिल्लीच्या एम्समध्ये थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत भेदभाव होत असल्याचं तिला सांगितलं होतं. देशातल्या सर्वात नामांकित वैद्यकीय संस्थेत ही तक्रार असेल, तर आपल्या तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये ती निघणारच नाही, असं कोण म्हणेल?

यावर उत्तर नवं नाही. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची प्रवेश प्रक्रिया तपासली होती. तिथे दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला १५० पैकी ५० गुण होते. न्यायालयाने १५ टक्क्यांहून जास्त गुण मुलाखतीला देणं मनमानी ठरवलं आणि मुलाखत टेप करावी असं सुचवलं. ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा टेपरेकॉर्डर होता, आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पुढे २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात, तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य झाला. पण प्रॅक्टिकलमध्ये उत्तरपत्रिका कुठे असते? केबल काढली, राउटर बंद केला की पुरावा संपला.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जॉबची गुणतालिका परीक्षेआधी फलकावर लावा. कशाला किती गुण आणि कशाचे किती कापणार, हे मुलांना आधी कळू द्या. परीक्षकाच्या कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. नेटवर्कच्या जॉबचं अंतिम कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जतन करा, म्हणजे दुसरा परीक्षकही ते तपासू शकेल. तोंडी परीक्षेचं चित्रीकरण करा. अंतर्गत मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या वार्षिक परीक्षेपर्यंत जपून ठेवायचे, असं अभ्यासक्रमातच लिहिलेलं आहे. ते खरंच जपले जातात का, हे शासकीय आयटीआयमध्ये एका माहिती अधिकाराच्या अर्जाने कळेल. तो अर्ज आपण करायचा आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. काम झालं की सेव्ह करा, मशीन रीबूट करून पाहा, प्रश्नातली प्रत्येक अट पुन्हा वाचा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं, विहारातल्या जुन्या संगणकावर बसून सराव करा. आणि नापास झालात तर आधी स्वतःची चूक प्रामाणिकपणे शोधा. ती सापडली तर दुरुस्त करा. नाही सापडली, तर गप्प बसू नका, लेखी विचारा.

आमचा तो मुलगा पुन्हा परीक्षेला बसणार आहे. फीसाठी आम्ही वर्गणी काढतोय. आपली चूक काय होती, हे आता त्याला माहीत आहे. पण ते शोधायला त्याला एक अख्खं धानाचं पीक घालवावं लागलं. पुढच्या पोरावर ही वेळ येऊ नये, एवढंच मागणं आहे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. आणि मोजणाऱ्याला त्याचं माप दाखवायला लावा.

जय भीम!