रात्रीपुरती जागा

एकटी बाई आरव्ही घेऊन अमेरिकाभर हिंडते म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "भीती नाही वाटत?" आणि दुसरा, "मग रात्री राहतेस कुठे?" पहिल्याला मी हल्ली उत्तर देत नाही. दुसरा मात्र विचारणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि त्यावरून माझं डोकं तापलेलं असल्यामुळे आजची पोस्ट लांबणार. चहा घेऊन बसा.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: माझी गाडी २४ फुटी. मागे पलंग, मध्ये दोन शेगड्यांचा ओटा, गॅसवर चालणारा फ्रीज, कपाटाएवढी न्हाणी. चालवणारी मी एकटीच. हे 'एकटीच' नीट वाचा, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. जोडप्यात एकाला पेंग आली की दुसरा चाकावर बसतो. मला पेंग आली तर उपाय एकच, गाडी थांबवून झोपणं. कॉफी पिणं, काच खाली करणं, मोठ्यांदा गाणी म्हणणं हे उपाय नव्हेत, ही स्वतःची फसवणूक आहे. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा वागतो, असं इथलं सरकारी आरोग्य खातंच सांगतं. युटा राज्यात तेवढ्या दारूवर गाडी चालवणं गुन्हा आहे.

आता 'रात्री थांबण्यास मनाई' ही पाटी या नजरेतून वाचून बघा. पाच टनांचं धूड चालवणाऱ्या, डोळे मिटत असलेल्या बाईला ती पाटी काय सांगते? "बाई, तू पेंगतेयस, ते ठीक आहे, पण जरा पुढे जाऊन पेंग." दारू प्यायलेल्याला चालवू नको म्हणायचं आणि झोप आलेल्याला चालव म्हणायचं. वा रे न्याय!

हायवेच्या कडेची विश्रांतिस्थळं घ्या. ती कशासाठी बांधली हे नावातच आहे. टेक्सासमध्ये तिथे २४ तास थांबता येतं. कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टन राज्यात ८ तास, म्हणजे एक नीट झोप. फ्लोरिडात ३ तास! तीन तासांत माझा डोळा लागून जेमतेम स्वप्न सुरू होतं. माणसाचं शरीर राज्याच्या सीमेवर बदलतं की काय? आणि पैशांची चणचण आली की पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडते. व्हर्जिनियाने २००९ साली काटकसर म्हणून आपली १९ विश्रांतिस्थळं एकदम बंद केली होती. ओरड झाली म्हणून २०१० मध्ये पुन्हा उघडली.

थांबायला जागा नसली की काय होतं हे ट्रकवाल्यांना विचारा. २००९ सालचीच गोष्ट. साउथ कॅरोलिनात एक ट्रकचालक माल उतरवायच्या ठिकाणी वेळेआधी पोचला. जवळपास धड थांबायला जागा नव्हती, म्हणून एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपला. तिथे त्याला लुटून गोळी घालून मारलं. खिशात होते सात डॉलर. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये त्याच्या नावाने ओळखली जाणारी 'जेसन्स लॉ' ही तरतूद कायद्यात आली. ट्रकसाठी पार्किंग हा रस्त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे हे काँग्रेसने मान्य केलं. म्हणजे तत्त्व मान्यच आहे की हो! फक्त पोटासाठी चालवणाऱ्याला लागू, मी हौसेने चालवते म्हणून मला नाही. झोप मात्र दोघांना सारखीच येते.

"पण आधी बुकिंग का नाही करत?" इति आमचे समस्त नातेवाईक. तर ऐका. सरकारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग पुष्कळ ठिकाणी सहा महिने आधी उघडतं आणि नावाजलेल्या ठिकाणी बघता बघता संपतं. सहा महिन्यांनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी मी नेमकी कुठे दमणार हे मला आज कसं कळावं? वारा सुटला की माझी गाडी लेनमध्ये हलते, तेव्हा शंभर मैल आधीच थांबावं लागतं. बुकिंग असलं की नेमकं उलटं होतं: पैसे भरलेत, पोचलंच पाहिजे, म्हणून माणूस अंधारात, दमलेला, चालवत राहतो. आणि तिथे पोचलं की काय दिसतं? आरक्षणाची चिठ्ठी लावलेल्या, रात्रभर रिकाम्या राहणाऱ्या जागा. बुकिंग करणारे आलेलेच नसतात.

खासगी आरव्ही पार्क म्हणजे सुरक्षित, हाही एक गोड गैरसमज. फाटक आणि भाडं म्हणजे सुरक्षा नव्हे. माझ्या कसोट्या निराळ्या आहेत. उजेडात पोचायचं. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला, म्हणजे चाकावर बसलं की थेट निघता आलं पाहिजे. फोनला रेंज हवी. जमीन सपाट हवी (गॅसचा फ्रीज कलत्या गाडीत रुसतो). वाळवंटात कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कितीही मऊ वाळू असली तरी, थांबायचं नाही, कारण पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. आणि मनाने 'नको' म्हटलं की कारण न विचारता किल्ली फिरवायची. यातलं काहीही पासष्ट डॉलर भरून मिळत नाही. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या बाहेर, सरकारी माळरानावर मी जितकी निर्धास्त झोपले तितकी कुंपणाच्या आत क्वचितच. शेजारची गाडी दोनशे पावलांवर, तिच्यात एक आजोबा, रोज सकाळी हात वर करायचे. बस्स, तेवढा शेजार पुरतो.

ही माळरानं बीएलएम नावाच्या खात्याची. साधारण साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे त्यांच्याकडे. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. पण ही जवळजवळ सगळी जमीन पश्चिमेला. पूर्वेकडे, म्हणजे जिथे आपली पुष्कळ मराठी मंडळं आहेत तिथे, असं फारसं काही नाही. तिथे एखाद्या वॉलमार्टच्या मॅनेजरच्या मेहरबानीवर रात्र काढायची. तो 'हो' म्हणाला तरी गावाचा नियम 'नाही' म्हणू शकतो.

आणि या मॅनेजरांचा 'नाही' वाढतोय तो आमच्याच जातभाईंमुळे. एका रात्रीची परवानगी मिळाली की हे लोक छत उघडतात, खुर्च्या मांडतात, बार्बेक्यू पेटवतात, चार दिवस हलत नाहीत आणि जाताना सांडपाण्याची टाकी गटारात सोडतात. काही महाभाग रात्री ट्रक स्टॉपवर ट्रकच्या जागा अडवतात. ज्या माणसाला कायद्याने दहा तास विश्रांती घ्यायचीच आहे त्याची जागा! मग पाटी लागली की हेच 'आमच्या स्वातंत्र्यावर घाला' म्हणून गळा काढणार. यांची मला दया येत नाही.

याच मंडळींचा दुसरा लाडका युक्तिवाद: "आम्ही प्रवासी आहोत, बेघर नाही. पाट्या त्यांच्यासाठी आहेत." अहो, पाटी तुमच्या गाडीची किंमत विचारत नाही. ओरेगनमधल्या ग्रँट्स पासचा निकाल सुप्रीम कोर्टाने २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन असा दिला. राहायला छप्पर नसलं तरी बाहेर झोपल्याबद्दल दंड करता येईल असा. त्या गावाच्या नियमात मुक्कामाच्या व्याख्येत वाहनसुद्धा बसत होतं. गरिबाला हुसकायला केलेला नियम हौशी माणसालाही हुसकतोच, फरक इतकाच की मी दंड भरून पुढे जाऊ शकते आणि तो नाही. एका रात्रीच्या झोपेला गुन्हा म्हणू नका, हे म्हणायचं तर दोघांसाठी म्हणावं लागेल.

आपल्याकडे वाटसरूला रात्र झाली तर देवळाची ओवरी होती, धर्मशाळा होती. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्या काय सहा महिने आधी नाव नोंदवणाऱ्यांसाठी? (तिथेही जात बघून दार उघडायचं, हे मी विसरलेले नाही. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.)

आता घरच्यांकडे वळते. न्यू जर्सीतला माझा थोरला भाऊ, ज्याला माझी सगळ्यात जास्त काळजी आणि जो हा ब्लॉग नेमाने वाचतो, त्यांच्या कॉलनीच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. त्यांच्या नियमावलीत लिहिलंय की स्वतःच्या ड्राइव्हवेमध्येसुद्धा आरव्ही रात्रभर उभी करायची नाही. बहीण कुठे झोपते म्हणून याला झोप नाही, आणि बहिणीची गाडी दारात लागू नये म्हणून याचाच हात वर!

दादा, तुझा ड्राइव्हवे मी मोजलाय. चाळीस फूट आहे. मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, त्याआधी कमिटीची एक मीटिंग आहे असं वहिनी म्हणाली.