तिने कुठे जावे, हे कुणी ठरवायचे?

अमेरिकेत दर वर्षी मार्च सरत आला, कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा शेवटाकडे आली, की वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून दुसराच एक खेळ सुरू होतो. अमुक विद्यापीठाची गार्ड आता कुठे जाणार? संभाव्य विद्यापीठांच्या याद्या छापल्या जातात. कुठल्या संघाला तिची निकड आहे, कोण किती मोजेल, ती तिथे ‘रुळेल’ का, याची चर्चा रंगते. आपल्या कानांना ही भाषा अनोळखी नाही. उपवर मुलीची स्थळे याच तऱ्हेने चर्चिली जातात. फरक एवढाच, की आपल्याकडे मुलगी ‘कुठे दिली’ असे विचारतात आणि तिथली ही मुलगी आपल्या पायांनी जाते. माझ्या मते टीकाकारांना नेमके हेच झोंबते.

हेली व्हॅन लिथचे उदाहरण घेऊ. गार्ड म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारी, डाव रचणारी, लांबून नेम धरणारी खेळाडू. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमीर नावाच्या लहानशा गावातली ही मुलगी २०२० साली लुईव्हिल विद्यापीठात गेली. तीन वर्षे खेळली. तिन्ही वर्षी संघ शेवटच्या आठांत पोहोचला, २०२२ मध्ये शेवटच्या चारांत. २०२३ साली ती लुईझियाना स्टेट विद्यापीठात गेली. तिथे तिला नवी जागा सांभाळावी लागली, गुणांची सरासरी बरीच खाली आली. ‘गेली आणि फसली’ असे म्हणायला सगळे तयारच होते. २०२४ साली ती पुन्हा निघाली, टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात. त्याच वर्षी जानेवारीत या विद्यापीठाच्या संघात दुखापतींमुळे इतक्या मुली कमी पडल्या होत्या, की दोन सामने सोडून द्यावे लागले आणि विद्यापीठातल्या इतर विद्यार्थिनींची चाचणी घेऊन संघ उभा करावा लागला. पुढच्याच मोसमात, २०२५ मध्ये, हा संघ इतिहासात पहिल्यांदा शेवटच्या आठांत गेला आणि ती त्यांच्या गटातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तीन विद्यापीठे, पाच वर्षे, पाचही वेळा शेवटच्या आठांत. त्यानंतर शिकागोच्या व्यावसायिक संघाने तिला घेतले.

तरीही तिच्याबद्दल आणि तिच्यासारख्या शेकडो मुलींबद्दल एकच सूर लावला जातो. यांना निष्ठा नाही. संकट आले की पळतात. पैशाला हपापलेल्या आहेत.

निष्ठा! किम मल्की या प्रशिक्षिका २१ मोसम बेलर विद्यापीठात होत्या. २०२१ साली त्या लुईझियाना स्टेटला गेल्या, २०२३ साली मुलींनी विजेतेपद मिळवून दिले, आणि त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांच्याशी १० वर्षांचा ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. त्यांना कुणी वर्षभर बाकावर बसवले नाही, की जुन्या मालकाची परवानगी आणायला लावली नाही. बाईला एवढा मेहनताना मिळाला याचा आम्हाला आनंदच आहे. पण शिकवणारीने घर बदलले तर ती प्रगती आणि खेळणारीने बदलले तर बेइमानी, हा न्याय कुठला? पुरुष प्रशिक्षक तर दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात, त्याची बातमी आतल्या पानावर येते.

आता जुने दिवस आठवून हळहळणाऱ्यांनी ते दिवस कसे होते तेही सांगावे. कॉलेज खेळांवर हुकूमत असलेली संघटना म्हणजे एनसीएए. हिच्या नियमांनुसार २०१८ पर्यंत खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठाशी शिष्यवृत्तीबद्दल बोलायचे असेल, तर आधी आपल्याच विद्यापीठाची परवानगी लागे. म्हणजे ज्या प्रशिक्षकाचा जाच होतो म्हणून जायचे, त्याचीच मान्यता मिळवायची. आणि गेलीच, तर बास्केटबॉलमध्ये एक वर्ष मैदानाबाहेर. २०२१ साली एकदा विनाशिक्षा जाण्याची मुभा मिळाली. पुढे न्यायालयाने दट्ट्या दिल्यावर, २०२४ मध्ये, अभ्यासात नापास नसलेल्या खेळाडूला कितीही वेळा जाता येईल असे ठरले. हे औदार्य नव्हे, कोर्टाचा धाक होता.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. १९७१ ते १९८२ या काळात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचे खेळ बायकांनी स्वतः उभारलेली संघटना चालवत होती, एआयएडब्ल्यू. विद्यार्थिनी आधी, खेळाडू नंतर, ही तिची भूमिका. पैशाच्या बाबतीत नियम कडक, सुरुवातीला तर शिष्यवृत्त्यांनाच विरोध. पण मुलीने विद्यापीठ बदलले म्हणून तिला वर्षभर बाकावर बसवण्याची शिक्षा या बायकांच्या डोक्यात आली नाही. शिकायला कुठे जायचे हा तिचा प्रश्न, एवढे साधे. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा आपल्या खेळांना लागू होऊ नये म्हणून पुरुषांच्या एनसीएएने आधी धडपड केली. ते जमेना, तेव्हा मुलींच्या स्पर्धा स्वतःच भरवायला घेतल्या. पैसा आणि दूरचित्रवाणी त्यांच्याकडे. १९८२ मध्ये बायकांची संघटना बंद पडली. तेव्हा गेलेले स्वातंत्र्य मुलींना परत मिळायला ३९ वर्षे लागली, आणि त्यालाच आज ‘नवी बेशिस्त’ म्हणतात! (जाता जाता: १९७२ मध्ये मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. २०१४ मध्ये त्या निम्म्याहूनही कमी उरल्या होत्या. पगार वाढले, पुरुष आले.)

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतील, हे बाजाराचे गुणगान झाले. माल इकडून तिकडे जातो, त्याला मुक्ती कसली म्हणता? आक्षेप रास्त आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमावता येते. पण जाहिरातदाराला कुठला चेहरा आवडतो हे आम्हाला ‘गोरेपणाच्या’ मलमांच्या देशात कुणी समजावण्याची गरज नाही. या खेळात काळ्या मुलींची संख्या मोठी आहे, आणि मार्च २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दैनिकाने लुईझियानाच्या संघाबद्दल इतके घाणेरडे शब्द छापले की नंतर ते काढून माफी मागावी लागली. त्या वेळी, हे वंशद्वेषातून येते, असे पत्रकारांसमोर स्पष्ट बोलली ती संघातली गोरी मुलगी, हीच व्हॅन लिथ. तिला ‘निष्ठा नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आठवावे.

परदेशी मुलींची तर आणखी गोची. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या खेळाडूला अमेरिकेत अशी कमाई करणे जवळपास अशक्य, कारण ते ‘काम’ ठरते आणि व्हिसा धोक्यात येतो. आपली मुले-मुली तिकडे शिकायला पाठवणाऱ्या घरांना हा एफ-१ व्हिसा चांगलाच माहीत आहे. संघात शेजारी बसलेली मैत्रीण कमावते, ही नुसती धावते.

पण उपाय काय? बाजार वाईट म्हणून बाईने दावणीलाच राहावे? आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला बास्केटबॉल संघाने वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवले. त्याचे साधे कारण म्हणजे रेल्वे नोकरी देते. राज्याचा संघ सोडून तिथे गेलेल्या मुलीला कोण कशाच्या जोरावर बोल लावणार?

वाद घालायचाच, तर वाटणीवर घालू. २०२१ च्या स्पर्धेत मुलांना सुसज्ज व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सची एक चळत व योगाच्या चटया मिळाल्या. ओरेगॉनच्या एका खेळाडूने त्याचे चित्रण जगाला दाखवले तेव्हा आयोजकांना लाज वाटली. स्पर्धेत जिंकणाऱ्या मुलांच्या विद्यापीठांना सामन्यागणिक पैसा १९९१ पासून मिळतो. मुलींच्या विद्यापीठांना तो २०२५ पासून मिळू लागला, आणि तोही कधी? २०२४ चा मुलींचा अंतिम सामना मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिल्यावर.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मोठी तडजोड मंजूर केली. मागची भरपाई सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देण्याची मुभा. ही रक्कम वाटायची कशी? ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के मुलांचे बास्केटबॉल, ५ टक्के मुलींचे बास्केटबॉल, ५ टक्क्यांत बाकी सारे, असे सूत्र अनेक ठिकाणी धरले गेले. असे पैसेही ‘टायटल नाइन’खाली येतात, असे सरकारच्या शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले होते. सरकार बदलले, फेब्रुवारीत ते मागे घेतले. भरपाईच्या वाटणीविरुद्ध आठ महिला खेळाडूंनी जूनमध्येच अपील केले. त्यांच्या नावाने याद्या कुणी छापल्या नाहीत.

आणि पुढे व्यावसायिक संघात तरी काय? २०२५ मध्ये नोत्र दामची गार्ड ऑलिव्हिया माइल्स निवडीत दुसरी येईल असे सगळे धरून चालले होते. ती व्यावसायिक संघात न जाता आणखी एका वर्षासाठी टेक्सास ख्रिश्चनला गेली. त्या साली पहिल्या चारांत निवडल्या जाणाऱ्या मुलीचा वार्षिक पगार ७८,८३१ डॉलर होता. तिचे कारण तिला माहीत. पण जिथे देशातल्या पहिल्या चार मुलींना हा भाव, तिथे ‘लालची’ हा शब्द मुलींना लावताना जीभ अडखळायला हवी.

तेव्हा पुढच्या मोसमाअखेर ती कुठे जाईल याच्या याद्या छापणाऱ्यांनी प्रत्येक विद्यापीठाच्या नावापुढे एवढे तरी छापावे: मुलींच्या संघाला थेट रकमेतले किती टक्के, प्रशिक्षकाला किती, परदेशी मुलींना काय, आणि मागच्या पाच वर्षांत तिथून किती मुली निघून गेल्या. तिने कुठे जावे ते ती बघेल.