भोगीची ऊब

भोगीची सकाळ न्हाणीघरातल्या वाफेने उजाडते. तीळ लावून कढत पाण्याची अंघोळ, सोलाणे, घेवडा, गाजर, वांगी आणि बोरे एकत्र नांदणारी लेकुरवाळी भाजी, तीळ थापलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर विरघळत जाणारा लोण्याचा गोळा. या सगळ्या थाटामागे पूर्वजांनी मांडलेला थंडीचा हिशेब आहे, आणि दर पौषात आपण तो नकळत पानात वाढून घेतो. सूर्य उत्तरेकडे वळण्याच्या या उंबरठ्यावर तोच हिशेब आपल्या घराबाहेरही मांडून पाहायला हवा.

निफाडचा पारा एक आकड्यावर आला की द्राक्षबागायतदारांची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून पहाटेच्या अंधारात ते बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, ओळींमधून धूर फिरवतात. वर्षाची पुंजी त्या घडांवर टांगलेली असते, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण त्याच बांधाला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची बिऱ्हाडेही प्लास्टिकच्या कागदाखाली कुडकुडत असतात. द्राक्षांना लागलेल्या थंडीची बातमी तापमानाच्या आकड्यासह छापून येते. माणसाला लागलेल्या थंडीची बातमी बहुधा ती जिवावर बेतल्यावरच होते.

या दिवसांत ब्लँकेटवाटपाचे कार्यक्रम होतात. ते व्हावेतच, उघड्यावर निजणाऱ्याला आज रात्रीची सोय आजच लागते. मात्र घेणाऱ्याला छायाचित्रासाठी ताटकळत ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे. शहरांतल्या बेघरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. आपल्या गावात तो कुठे आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

पण ज्यांना घर आहे, त्यांच्या घरातली ऊब जाते कुठे? जाते ती मुख्यतः छपरातून. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा बाहेरच्या हवेहूनही गार पडतो, आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याला धरते आणि पहाटे तिचे थेंब अंथरुणावर टपकू लागतात. म्हातारे माणूस ओल्या गोधडीत कूस बदलत राहते. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीचे छप्पर होते. ते दिवसभर ऊन पिऊन रात्री ते सावकाश परत करत असे. पत्रा टिकाऊ आणि हलका म्हणून आला, आता तो काढा म्हणणे शहाणपणाचे नाही. त्याच्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत घातले आणि भिंत व पत्रा यांच्यामधली फट बुजवली, तरी मध्ये कोंडलेली हवा बरेच काम करते. हेच छत चैत्र-वैशाखात ऊनही अडवते.

चुलीचे प्रकरण मात्र नाजूक आहे. उज्ज्वला योजना 2016 साली आली आणि गॅसची शेगडी झोपडीपर्यंत पोहोचली; पण सिलिंडर पुन्हा भरून आणायचा म्हटले की मजुरीचे दिवस मोजावे लागतात. शिवाय गॅसवर भाकरी होते, घर मात्र गारच राहते. साध्या चुलीत जळणाची बहुतेक उष्णता भांड्याला लागतच नाही, असे आपण दोष देत सांगतो; हिवाळ्यात त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेभोवती लेकरे दाटीने बसलेली असतात आणि तिच्यासोबत धूरही पीत असतात. दार लावून आत शेगडी धुमसत ठेवली तर विषारी वायू कोंडून झोपेतच प्राण जातात. तेव्हा चूल सोडायला सांगण्याआधी घर उबदार राहील याची तजवीज करावी लागते, हा क्रम सरकारी योजनांतही क्वचितच दिसतो.

ऊसतोडीच्या फडात हे सारे एकवटलेले दिसते. बीडकडून आलेली कुटुंबे पहाटे चारच्या काळोखात कोयते घेऊन निघतात, मागे कोपीत तान्ही मुले आणि विझत आलेली चूल. भोवताली पाचटाचे ढीग, आणि तोडणी संपली की ते पाचट रानातच पेटवून दिले जाते. डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने याच पाचटापासून कांडी कोळसा करून दाखवला, त्यासाठी 2002 साली ॲश्डेन पुरस्कारही मिळवला. संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये सुमारे शंभर ग्रॅम कोळशावर कुटुंबाचा डाळ-भात शिजतो. एवढे जवळ असलेले ज्ञान फडापर्यंत चालत जायला इतकी वर्षे का लागावीत, हा प्रश्न कारखानदारीने स्वतःला विचारावा.

14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन झाला, भाषणे झाली. बरोबर महिन्याने येणाऱ्या संक्रांतीला आपण हळदीकुंकवाचे वाण लुटतो, आणि घराघरांत प्लास्टिकच्या डब्यांची भर पडते. साठ वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. तो वाणात का नसावा? एखाद्या महिला मंडळाने वाणाचा खर्च एकत्र करून वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या आजीच्या पत्र्याखाली तट्टा बसवला, तर ओटी भरल्याचेच पुण्य ते.

संक्रांतीनंतर बारा दिवसांनी प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा भरते. गावात कोणाच्या घराला नुसता पत्रा आहे, कोणाकडे रिकामा सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे आणि पुढच्या भोगीआधी त्यातली किती घरे मार्गी लावायची, याची यादी त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.