छुपी कावीळ आणि कोरोनाचा हिशेब

कोरोनाच्या साथीत किती माणसे गेली याची मोजदाद झाली. ती पुरती झाली नाही, हेही आता सर्वज्ञात आहे. परंतु त्या मृतांपैकी किती जणांच्या यकृतात आधीच एक जुना विषाणू ठाण मांडून बसला होता, हा प्रश्न किती जणांनी विचारला? दाखल्यावर ‘कोविड’ एवढा एकच शब्द पडला आणि विषय संपला. गरिबाच्या शरीरात एका वेळी एकच आजार असतो असे या व्यवस्थेने गृहीत धरले. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी ही त्या जुन्या विषाणूंची नावे. यांची कावीळ दूषित पाण्यातून होत नाही. ती रक्तातून, निर्जंतुक न केलेल्या सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. वर्षानुवर्षे माणूस ठणठणीत दिसतो, कामाला जातो, संसार करतो आणि आत यकृत झिजत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख रुग्ण होते. जगभरात या दोन विषाणूंनी त्या एका वर्षात १३ लाख बळी घेतले. बीची लागण असलेल्यांपैकी निदान झालेले जगात अवघे १३ टक्के आणि उपचार मिळालेले ३ टक्के! बाकीच्यांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताच नाही.

अशा माणसाला कोरोना झाला तर काय होते? येथे घबराट पसरवण्याचे कारण नाही. हाँगकाँगमधील हजारो कोविड रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, केवळ बीची लागण असल्यामुळे मृत्यूचा धोका वाढत नाही. मात्र त्या विषाणूने यकृताची जी नासधूस केलेली असते, ती जिवावर उठते. २९ देशांतील ७४५ यकृतरोग्यांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना यकृताचा जुना आजार होता पण यकृत आक्रसून कठीण झाले नव्हते, म्हणजे सिरॉसिस झाला नव्हता, त्यांच्यातील ८ टक्के कोरोनात दगावले. सिरॉसिस झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ३२ टक्के होते. सिरॉसिस अगदी शेवटच्या पायरीवर असलेल्यांपैकी तर निम्मे गेले. आणि यातील बहुतेकांचा मृत्यू फुप्फुस निकामी होऊन झाला. यकृत खंगले की शरीराची रोगाशी लढण्याची ताकदच खंगते, हा याचा अर्थ.

८ आणि ३२ या दोन आकड्यांमधले अंतर निसर्गाने ठरवलेले नाही. ते वेळेवर झालेल्या किंवा न झालेल्या तपासणीने ठरवले आहे. बीला टेनोफोव्हिरसारखी रोजची गोळी काबूत ठेवते. सी तर १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत समूळ बरा होतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत देण्याचे धोरण आहे. ते आपल्या किती वस्त्यांना ठाऊक आहे?

दुसरा धोका औषधातला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने दाखवून दिले की, प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड वाचवू शकते. ज्यांना प्राणवायू लागत नाही, त्यांना त्याचा लाभ नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत काय झाले? साध्या तापालाही स्टेरॉइड, तेही भरमसाट. त्याची किंमत महाराष्ट्राने २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या रूपाने मोजली. स्टेरॉइड आणि टोसिलिझुमॅबसारखी इंजेक्शने रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालतात. तो लगाम बसला की यकृतात दबून राहिलेला बीचा विषाणू पुन्हा उसळू शकतो. थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडने हा धोका कमी असतो. डोस मोठा आणि काळ लांबला की तो वाढतो. रक्ताच्या एका साध्या तपासणीने तो आधीच कळतो, आणि गोळी सुरू करून टाळताही येतो. अट एवढीच की, ती तपासणी करायची हे कोणाला तरी सुचले पाहिजे.

तिसरा घाव टाळेबंदीचा. मार्च २०२० नंतर एकामागून एक सरकारी रुग्णालये कोविडसाठी राखून ठेवली गेली, गाड्या बंद झाल्या. बीची गोळी मध्येच सुटली तर विषाणू उफाळून येतो. पैसेवाल्याने औषध घरपोच मागवले. रोजंदारीवरचा माणूस कोणाकडे मागणार होता?

आणि आता ज्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो, त्यांच्याविषयी. साथीच्या काळात वॉर्डातला कचरा कोणी उचलला? वापरलेल्या सुया, रक्ताळलेले बोळे, मृतदेहांच्या पिशव्या कोणाच्या हातातून गेल्या? या कामावर कोणत्या समाजाची माणसे पिढ्यान् पिढ्या ठेवली गेली, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. लस न घेतलेल्या माणसाला बीबाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती ०.३ टक्के आहे. म्हणूनच २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. नियमात ‘कायम’ आणि ‘कंत्राटी’ असा भेद नाही. तो भेद ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात आहे. टाळ्या-थाळ्या वाजवून ज्यांचा गौरव केला, त्यांना लशीचे तीन डोस मिळाले का, एवढे तरी कोणी तपासले का?

सबब आमच्या मागण्या साध्या आहेत. स्टेरॉइड वा तत्सम औषधे देण्याची पाळी आलेल्या प्रत्येक रुग्णाची बीची तपासणी व्हावी. कंत्राटी सफाई कामगारांच्या लसीकरणाची यादी प्रत्येक रुग्णालयाने जाहीर लावावी. पुढच्या साथीत जुन्या रुग्णांची गोळी एक दिवसही खंडित होऊ नये, म्हणून काही महिन्यांचा साठा त्यांच्या हाती द्यावा. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला पहिली लस मिळालीच पाहिजे. कारण जन्मतः लागण झालेल्या दहापैकी नऊ मुलांना हा आजार कायमचा चिकटतो. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. हा हक्काचा प्रश्न आहे, मेहेरबानीचा नव्हे.

पण सरकारकडे बोट दाखवताना आपले अंगणही झाडावे लागेल. आजही कावीळ झाली की गळ्यात माळ घालणारे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘उतरली’ म्हणणारे आपल्या वस्त्यांत आहेत. पाणी पिवळे होते, विषाणू जागेवरच राहतो. कोरोनाच्या भीतीने काढ्यांचा मारा करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तरी यकृताच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे प्रयोग करू नयेत. आणि ज्याला बीची लागण आहे त्याचे ताट वेगळे काढू नका. हा आजार एका पंक्तीत जेवल्याने, हात हातात घेतल्याने पसरत नाही. शिवताशिवतीचे दुःख पिढ्यान् पिढ्या भोगलेल्या समाजाने तरी आपल्या घरात नवी अस्पृश्यता शिरू देऊ नये.

प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात, प्रत्येक कामगार संघटनेत एक दिवस रक्ततपासणीसाठी ठेवा. साथ पुन्हा येईल तेव्हा आपला माणूस ८ टक्क्यांच्या रांगेत असेल की ३२ टक्क्यांच्या, हे त्या दिवशीच्या दोन थेंब रक्ताने ठरणार आहे.