सोळाव्या वर्षी कॉलेज

परवा सांगलीच्या आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "काय गं, तुझी लेक कॉलेजात जायला लागली म्हणे? पण ती तर अकरावीत आहे ना?"

म्हटलं, "हो आत्या, अकरावीतच आहे आणि कॉलेजातही जाते."

"मग त्यात एवढं काय? आपल्याकडे सगळेच अकरावीला कॉलेजात जातात!"

आता आली का पंचाईत! गेल्या तीन महिन्यांत हा संवाद माझा किमान पाच जणांशी झालाय. प्रत्येकाला फोनवर समजावता समजावता माझंच कार्ड संपायची वेळ आली (हो, आता कार्ड लागत नाही, पण सवय जात नाही). म्हणून एकदाच इथे सगळं नीट लिहून काढते.

आत्याचं म्हणणं चुकीचं नाही. आपल्याकडे दहावी झाली की पोरं शाळेचा गणवेश टाकून कॉलेजच्या गेटातून आत शिरतात. पण ते 'ज्युनिअर' कॉलेज. इमारत कॉलेजची, अभ्यासक्रम बोर्डाचा आणि वर्गात सगळे आपल्याच वयाचे. आत्याच्या वेळी तर दहावी-बारावी हा प्रकारच नव्हता. अकरावीची मॅट्रिक व्हायची आणि सोळा-सतराव्या वर्षी मुलं थेट कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाऊन बसायची. आत्या तशीच विलिंग्डनला गेली होती. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे, तेव्हा तिला लक्षात ठेवा.

इथे अमेरिकेत नववी ते बारावी हे सगळं हायस्कूल. कॉलेज त्यानंतर. पण आम्ही राहतो त्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, सिअ‍ॅटलवालं राज्य) 'रनिंग स्टार्ट' नावाची एक सोय आहे. 1990 साली तसा कायदा झाला. अकरावी-बारावीच्या मुलांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन खरेखुरे कॉलेजचे विषय घ्यायचे. ट्यूशन भरावी लागत नाही. पुस्तकं, इतर शुल्क आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. कमी उत्पन्नाच्या घरांना त्यातही सवलत मिळते. घेतलेला विषय दोन्हीकडे धरला जातो, हायस्कूलच्या पदवीतही आणि कॉलेजच्या क्रेडिटमध्येही. मिनेसोटाने असा कायदा त्याही आधी, 1985 सालीच केला होता. आता वेगवेगळ्या नावांनी ही सोय बऱ्याच राज्यांत आहे.

ऐकायला किती छान! मलाही वाटलं होतं.

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडच्या गणपतीला मंडळी जमली होती. मोदक खाता खाता विषय निघाला आणि बघता बघता सगळे आईबाप हिशेबाला बसले. तिमाहीला 15 क्रेडिट, वर्षाच्या तीन तिमाह्या, दोन वर्षांत 90 क्रेडिट. म्हणजे बारावी होताना हातात हायस्कूलची पदवी आणि कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री! "दोन वर्षं वाचली की हो!" एक काका म्हणाले. त्यांच्या मुलाने नुकतंच ते केलं होतं. माझ्या नवऱ्याने घरी आल्यावर त्याच रात्री एक्सेल उघडलं. मीही शेजारी खुर्ची ओढून बसले, खोटं कशाला बोलू.

लेकीचं म्हणणं वेगळं होतं. तिला एकच विषय घ्यायचा होता, रसायनशास्त्र. बाकी शाळेत राहायचं होतं, कारण तिथे तिचा ऑर्केस्ट्रा होता. सहावीपासून ती व्हायोलिन वाजवते. आम्ही तिला समजावलं. समजावलं म्हणजे काय ते घरात मुलं असणाऱ्यांना ठाऊक आहेच. शेवटी ती तीन विषय घ्यायला 'तयार' झाली: रसायनशास्त्र, इंग्रजी लेखन आणि इतिहास. पूर्ण 15 क्रेडिट. ऑर्केस्ट्राची वेळ कॉलेजच्या वेळेत येत होती. तो सुटला.

आमच्या एक्सेलमध्ये एक गोष्ट नव्हती. कॉलेजचा पाच क्रेडिटचा विषय हायस्कूलच्या एक क्रेडिटइतका धरतात. म्हणजे शाळेत जे वर्षभर चालतं त्याच्या तोडीचं काम कॉलेजच्या एका तिमाहीत, सुमारे अकरा आठवड्यांत उरकायचं. शाळेत चाचणी बिघडली तर बाई थांबवून विचारतात, पुन्हा घेतात, घरी ईमेल येते. कॉलेजात प्रोफेसर शिकवतात, त्यांच्या भेटीच्या वेळा दारावर लावलेल्या असतात, यायचं तर या. सोळा वर्षांच्या मुलीला त्या दारावर टकटक करायला किती धीर लागतो, ते मला नंतर कळलं.

ऑक्टोबरच्या शेवटी ती गप्प गप्प राहायला लागली. विचारलं की "ठीक आहे" एवढंच. शाळेचे मार्क मी नेहमी वेबसाइटवर बघायचे. इथे तसं काही दिसेना. शेवटी मी सरळ कॉलेजात फोन लावला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या, पण त्यांनी काही सांगितलं नाही. म्हटलं, "अहो, ती सोळा वर्षांची आहे, मी तिची आई आहे!" त्या म्हणाल्या, "हो, पण ती आमची विद्यार्थिनी आहे."

नंतर वाचलं, तर खरंच तसा कायदा आहे, 1974 पासूनचा. मूल कॉलेजात दाखल झालं की, वय अठराच्या आत असलं तरी, तिथल्या नोंदींवरचा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो. मुलाने लेखी परवानगी दिली तर कॉलेज आपल्याशी बोलणार. शेवटचा निकाल शाळेकडे येतो तेव्हा तो तिथे आपल्याला कळतो. पण अधलंमधलं काही विचारायचं तर मुलालाच विचारायचं.

मला काय राग आला होता सांगू! जिचे डबे मी भरते, जिला मी गाडीने सोडते, तिचे मार्क मला विचारायचे नाहीत?

मग त्या रात्री तिलाच विचारलं. या वेळी "मार्क किती" असं नाही, "काय होतंय" असं. ती रडली. रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत तिला निम्मेही मार्क नव्हते. विषय सोडायचा तर त्याची एक तारीख असते, ती जवळ आली होती. सोडला तर कॉलेजच्या गुणपत्रकावर तशी नोंद राहते. नाही सोडला आणि नापास झाली तर तेही राहतं, कॉलेजातही आणि हायस्कूलमध्येही. आणि 'राहतं' म्हणजे कायमचं. उद्या तिला मेडिकलला जायचं झालं तर अर्जात कॉलेजचे सगळे विषय दाखवावे लागतात, शाळेत असताना घेतलेले धरून. हे सगळं तिला माहीत होतं, आमच्या आधीपासून. महिनाभर ती ते एकटीच डोक्यात घेऊन फिरत होती, कारण आम्ही एक्सेल इतक्या उत्साहाने केलं होतं.

तिने विषय सोडला नाही. तिचं तिने ठरवलं. प्रोफेसरांच्या दारावर टकटक केली. प्रयोगशाळेतल्या तिच्या जोडीदारणीबरोबर लायब्ररीत बसायला लागली. ही जोडीदारीण चाळिशीची, दोन मुलांची आई, नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून वीस वर्षांनी परत शिकायला आलेली. "आई, तिला मोल समजायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण ती लाजत नाही. न समजलं तर तिथेच हात वर करते," लेक म्हणाली. आमच्या लेकीने वर्गात न समजल्याबद्दल हात वर केल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. हुशार मुलीने तसं करायचं नसतं, असं तिला वाटायचं. ते तिला कुणी शिकवलं असेल, ते मी इथे लिहीत नाही.

डिसेंबरात निकाल लागला. सी. आमच्या घरातला पहिला सी.

तर आता माझं मत, कारण तेवढ्यासाठीच एवढं रामायण लिहिलं. ही सोय चांगली आहे, फार चांगली आहे. पण आपण मंडळी ती ज्या कारणासाठी घेतो ते कारण कच्चं आहे. 'दोन वर्षं वाचतात' हे अर्धवट खरं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी कितीही क्रेडिट जमवले तरी शाळेतून थेट आलेल्या मुलाचा अर्ज पहिल्या वर्षाचा म्हणूनच धरतात. क्रेडिट तिथे चालतात, पण इंजिनिअरिंगसारख्या शाखेत एकामागून एक घ्यायचे विषय असतात, त्यांची रांग काही तेवढ्याने दोन वर्षांनी आखूड होत नाही. अनेक खासगी विद्यापीठं तर हायस्कूलच्या पदवीत धरलेले क्रेडिट मान्यच करत नाहीत. आणि समजा वाचली दोन वर्षं. ती कुठे ठेवणार आहोत? विसाव्या वर्षी नोकरीला लावून? ज्या घरात ट्यूशन भरायची ऐपत आहे, त्या घराने मुलीचा ऑर्केस्ट्रा मोडून वर्षं वाचवणं म्हणजे नुसती चढाओढ. गणपतीत सांगायला बरं, बस.

हे मी एकदा लेकीपुढे तावातावाने बोलले, तर तिने मला गप्प केलं. तिच्या इतिहासाच्या वर्गात तिच्याच वयाचा एक मुलगा आहे. संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासतो. घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. तो दोन वर्षांत डिग्री घेणारच, कारण पुढच्या चार वर्षांचे पैसे त्याच्या घरात नाहीत. दोनचे कदाचित जमतील. "आई, तू म्हणतेस ते आपल्यासाठी बरोबर आहे. त्याला नको सांगू," ती म्हणाली.

पटलं. ही सोय खरी त्याच्यासाठी आहे. त्याच्यासाठी वाचलेलं वर्ष म्हणजे वाचलेलं वर्षच. आमच्यासारख्यांनी मात्र मुलं म्हणतील तेवढेच विषय घ्यावेत. एक म्हणाली तर एक. आपल्या मुलांना तिथे जे मिळतं ते क्रेडिटमध्ये मोजता येत नाही: चाळिशीची बाई शेजारी बसून आवर्त सारणी पाठ करताना बघणं, आणि आपलं बिघडलेलं आपणच जाऊन निस्तरणं. तेवढ्याला एक विषय पुरतो.

आता आत्या. मी तिला फोनवर हे सगळं सांगितलं. सी मिळाल्याचंही, आणि कॉलेजने मला काही सांगायला नकार दिल्याचंही. मला वाटलं ती म्हणेल, काय बाई तुमच्याकडचे कायदे! ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली,

"मी सायन्सला होते, माहितीय ना तुला? पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत राहिले. निकाल कॉलेजच्या बोर्डावर लागायचा. दादांच्या कचेरीतला एकजण आधी बघून आला. मी घरी पोचेपर्यंत सगळं ठरलं होतं. मी परत बसते म्हणाले असते. पण मला कुणी विचारलंच नाही."

मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरात एवढंच सांगतात की आत्याला शिक्षिका व्हायची आवड होती. तीस वर्षं तिने मराठी शाळेत शिकवलं आणि उत्तम शिकवलं.

"मग तिने सोडला नाही विषय?" आत्याने पुन्हा विचारलं.

"नाही. या तिमाहीत रसायनशास्त्राचा पुढचा भाग घेतलाय. तेवढा एकच. बाकी शाळेत. ऑर्केस्ट्राच्या बाईंनी तिची जागा ठेवली होती."

"बरं केलंन," आत्या म्हणाली. "तिला फोन दे."

दोघी अर्धा तास बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलेलं नाही.