बहिर्जींनी पुन्हा पडद्यावर यावे काय?

भारतीय साहित्यशास्त्राच्या तासाला पताका आणि प्रकरी यांतील भेद सांगताना आम्ही वर्षानुवर्षे रामकथेचाच आधार घेत आलो आहोत. सुग्रीवाचे उपकथानक पहिल्या भेटीपासून लंकेच्या युद्धापर्यंत मुख्य कथेला सोबत करते, म्हणून ती पताका. जटायू एका प्रसंगात येतो, प्राण वेचून कथेला दिशा देतो आणि जातो, म्हणून ती प्रकरी. एवढ्यावर विद्यार्थी टिपणे उतरवून घेतात आणि तास संपतो. यंदा मात्र मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग ‘फर्जंद’ आणि ‘फत्तेशिकस्त’मधले बहिर्जी नाईक पताका की प्रकरी?” आणि पाठोपाठ दुसरा, “पुढच्या चित्रपटात ते पुन्हा यायला हवेत की नकोत?”

आम्ही दोघे चिखलीत मराठी शिकवतो. हा प्रश्न आम्ही शिक्षक-कक्षात नेला आणि तिथे आमच्यातच दुफळी झाली. एकाचे म्हणणे असे की बहिर्जी हे त्या चित्रमालिकेचे डोळे आणि कान आहेत; ते नसतील तर महाराजांच्या मोहिमा निव्वळ तलवारीच्या वाटतील. दुसऱ्याचे म्हणणे असे की हेराने फार वेळा आणि फार ओळखीचे होऊन यावे यातच काहीतरी चुकते आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू मांडून आम्ही शेवटी जिथे पोहोचलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम चित्रपटांविषयी. दिग्पाल लांजेकर यांनी ‘शिवराज अष्टक’ या संकल्पनेखाली २०१८ ते २०२३ या काळात पाच चित्रपट दिले : ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३). यांना ऐतिहासिक युद्धपट म्हणण्याची रीत आहे. आमच्या मते त्यांतील पहिले दोन तरी मुळात हेरपट आहेत. पन्हाळ्यासारखा बलाढ्य किल्ला साठ माणसांनिशी घेणे किंवा लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटे छाटणे, या दोन्ही गोष्टी आधी बातमीने जिंकल्या गेल्या आणि मग शस्त्राने. कोणत्या दाराला किती पहारेकरी, खानाचा मुदपाकखाना कुठे, जनानखाना कुठे, हे कुणीतरी आत जाऊन पाहिल्याशिवाय ते धाडस म्हणजे आत्मघातच ठरला असता. तेव्हा या मालिकेत बहिर्जींचे पुनरागमन हा केवळ लोकप्रियतेचा प्रश्न नाही. कथानकालाच त्यांची गरज आहे.

आता इतिहास काय सांगतो? फार थोडे. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या स्वारीच्या प्रसंगी बहिर्जी जाधव नाईक या जासुदाचा उल्लेख येतो. सुरतेची बातमी त्यांनी आणली, असे तिथे दिसते. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवली जाते. यापलीकडे जे आहे ते बहुतांशी लोकस्मृतीचे, कथाकारांचे आणि आता पटकथाकारांचे. यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या कामाचे यश न दिसण्यात आहे, त्याच्याविषयी कागद कसा सापडावा? बहिर्जींबाबत इतिहासाचे मौन हीच त्यांच्या कौशल्याची पावती आहे, असे आम्हांला वाटते.

आणि अडचण नेमकी इथेच सुरू होते. व्यक्तिरेखा एकदा आली तर प्रेक्षक तिला दिग्दर्शकाची कल्पना समजतो. तीच पाच वेळा आली की तो तिला इतिहास समजू लागतो. मागच्या वर्षी एका उत्तरपत्रिकेत ‘ऐतिहासिक कादंबरीतील सत्य आणि कल्पित’ या प्रश्नाच्या उत्तरात एका विद्यार्थिनीने बहिर्जींच्या एका सोंगाचे तपशीलवार वर्णन ‘सत्य’ या सदरात लिहिले होते. ते वर्णन पडद्यावरचे होते. उत्तर मोठ्या आत्मीयतेने लिहिलेले. मुलगी सिंदखेडराजाच्या बाजूची, जिजाऊंच्या माहेरची. दर १२ जानेवारीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत ती लहानपणापासून जात असणार. तिच्यासाठी हा परीक्षेपुरता विषय नव्हता, घरचा विषय होता. तिचे गुण कापताना आमचा हात अडखळला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पडद्यावरचा हेर आणि रस्त्यावरचा बहुरूपी यांतील फरक या निमित्ताने ध्यानात घ्यावा. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी अजूनही एखादा बहुरूपी पोलिसाच्या वेषात येतो, दुकानदाराला दरडावतो, खोटीखोटी पावती फाडतो. सगळे हसतात आणि त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतात. त्याला पैसे मिळतात ते त्याचे सोंग ओळखले जाते म्हणून. हेराचे सोंग ओळखले गेले तर त्याचे शिर जाते. ‘फकिराच्या वेषातले हे तर बहिर्जीच!’ असे ओळखून चित्रपटगृह शिट्ट्यांनी दणाणते, त्या क्षणी पडद्यावर हेर उरत नाही, बहुरूपी उरतो. पुनरागमनाला विरोध करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याचा मुख्य मुद्दा हाच होता आणि तो आम्हांला खोडता आला नाही.

पण पुनरागमन म्हणजे ओळखीचा आनंद एवढेच असते काय? इथे विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’ची आठवण होते. हेरांच्या पुनरागमनाचा आपल्या परंपरेतील एवढा चोख धडा दुसरा नसेल. त्या नाटकात चाणक्याचे हेर अनेक. निपुणक यमपट घेऊन दारोदार फिरतो, राक्षसाची मुद्रा हाती लागते, ती चाणक्याला आणून देतो आणि त्याचे काम संपते. सिद्धार्थक मात्र पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या अंकात चाणक्याकडून तो पत्र घेतो. दुसऱ्या अंकात वधस्थानावरून सोडवलेल्या शकटदासाला घेऊन राक्षसाचा विश्वास मिळवतो. पाचव्यात त्याच पत्रानिशी पकडला जातो आणि मार खात खात मलयकेतू व राक्षस यांच्यात कायमची फूट पाडतो. अखेरच्या अंकात चांडाळाच्या वेषात चंदनदासाला सुळाकडे नेतो. दर वेळी त्याच्या येण्याने कथा वळण घेते. शिवाय दर वेळी त्याला काहीतरी मोजावे लागते : कधी शरीराचे हाल, कधी विश्वासघाताचे पाप, कधी चांडाळकर्माची शिसारी. त्याला पाहून प्रेक्षकाला हसू येत नाही. येते ती धास्ती.

जगभरच्या हेरपटांनाही हाच निकष लावून पाहता येतो. जेम्स बाँडच्या मालिकेत १९७३ साली लुईझियानाचा जे. डब्ल्यू. पेपर नावाचा एक विनोदी शेरीफ आला. लोक हसले, म्हणून पुढच्याच वर्षी त्याला थेट थायलंडमध्ये पर्यटक म्हणून आणून बसवले. तो का आला, याला कथेत उत्तर नाही. याउलट फेलिक्स लायटर हा बाँडचा अमेरिकन मित्र. १९६२च्या पहिल्या चित्रपटापासून तो वेगवेगळ्या नटांच्या रूपाने येत राहिला, १९८९नंतर दीर्घकाळ दिसेनासा झाला, २००६ मध्ये परतला आणि २०२१च्या चित्रपटात बाँडच्या डोळ्यांदेखत मेला. त्या मरणाला वजन आले ते आधीच्या भेटींमुळे. आपल्याकडे ‘एक था टायगर’मध्ये (२०१२) नायकाचा सहकारी असलेला गोपी ‘टायगर ३’मध्ये (२०२३) अकरा वर्षांनी परततो, तो मरता मरता नायकाच्या मनात पत्नीविषयी संशय पेरण्यासाठी. येणे थोडे, पण निरर्थक नाही.

न येण्याचेही एक सौजन्य असते. याच मालिकेच्या पहिल्या दोन चित्रपटांत गिरीश कार्नाड यांनी रंगवलेले डॉ. शेणॉय हे गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते. कार्नाड २०१९ मध्ये गेले. तिसऱ्या चित्रपटात त्या खुर्चीवर नवी व्यक्तिरेखा आली. शेणॉय म्हणून दुसऱ्या कुणाला उभे केले नाही. बाँडपटांत ‘एम’ रंगवणारे बर्नार्ड ली १९८१च्या आरंभी वारले, तेव्हा त्या वर्षीच्या चित्रपटात ‘एम’ दाखवलाच नाही. रिकामी खुर्चीही कधी कधी बोलते.

बहिर्जींचे मात्र वेगळे आहे. ‘फर्जंद’मध्ये ही भूमिका प्रसाद ओक यांनी केली, ‘फत्तेशिकस्त’मध्ये हरीश दुधाडे यांनी. दुसऱ्या कोणत्याही भूमिकेत असा बदल खटकला असता. इथे तो आमच्या विद्यार्थ्यांना खटकला नाही, आम्हांलाही नाही. चेहरा बदलणे हाच ज्याचा धर्म, त्याचा नट बदलला तर बिघडले काय? उलट, आमच्यातील एकाचे तर मत आहे की प्रत्येक चित्रपटात बहिर्जी वेगळ्या नटानेच करावेत. म्हणजे निदान काही काळ तरी प्रेक्षक त्यांना शोधत राहील.

या मालिकेची आणखी एक गंमत आहे. ‘फर्जंद’मधील पन्हाळ्याची मोहीम १६७३ची. ‘फत्तेशिकस्त’ १६६३चा, ‘पावनखिंड’ १६६०ची, ‘शेर शिवराज’मधील अफजलखानाचा वध १६५९चा. पहिले चार चित्रपट काळात एकेक पायरी मागे उतरतात. ‘सुभेदार’मध्ये आपण पुन्हा १६७०ला येतो. म्हणजे १६७३ साली ज्यांना आपण हयात पाहिले, तेच दहा वर्षे आधीच्या लाल महालात जीव धोक्यात घालताना दिसतात. तिथे ते मरणार नाहीत, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. हेरकथेचा प्राण जो धोका, तो आधीच निघून गेला आहे. पावनखिंडीच्या कथेतील शिवा काशिदांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. त्यांनी आयुष्यात एकच सोंग घेतले, महाराजांचे, आणि त्याची किंमत प्राणांनी चुकवली. ते पुन्हा येऊ शकत नाहीत. म्हणूनच ते एकदाच येतात आणि जन्मभर लक्षात राहतात. शास्त्राच्या भाषेत ती प्रकरी.

मग बहिर्जींनी यावे की न यावे? आमचे एकमत झाले ते असे : यावे, पण सोंगांची संख्या वाढवण्यासाठी येऊ नये. त्यांचा जीव पणाला लागू शकत नसेल, तर दुसरे काहीतरी पणाला लागले पाहिजे. हेरखात्याच्या प्रमुखाच्या आयुष्यात अशा गोष्टींची वाण नसते. आणलेली बातमी अपुरी निघाली तर? गनिमाच्या गोटात पेरलेला आपलाच माणूस वाचवावा की मोहीम वाचवावी, असा पेच पडला तर? शिवा काशिदांच्या अंगावर महाराजांचा पोशाख चढला त्या रात्री, सोंगांचा हा जाणता काय विचार करत असेल? यांची उत्तरे कागदपत्रांत नाहीत, ती लेखकालाच कल्पावी लागतील. पण कल्पनेने सोंगेच रचायची की माणूस उभा करायचा, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. सिद्धार्थकाच्या पाठीवरचे वळ विशाखदत्ताला दिसले. आपल्या पटकथाकारांना बहिर्जींच्या मनावरचे वळ दिसावेत, एवढीच अपेक्षा.

दुसरी अपेक्षा प्रेक्षकांकडून, म्हणजे आमच्याकडून आणि आमच्या विद्यार्थ्यांकडून. पडद्यावरचे बहिर्जी आवडले म्हणून त्यांच्यावर शिट्ट्या वाजवाव्यात, पण सभासदाचा तो छोटा उल्लेखही एकदा वाचावा. त्या उल्लेखाचा थोडकेपणा पाहून मनात जो आदर दाटतो, तो कोणत्याही वेषांतराने दाटत नाही. त्यांच्या हाताखाली जे जासूद देशोदेशी फिरले असतील, त्यांच्या वाट्याला तर एवढाही उल्लेख आलेला नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही नंतर बोलावून घेतले. तिचे वर्णन चित्रपटातले आहे हे सांगितल्यावर ती थोडी खट्टू झाली आणि मग म्हणाली, “पण सर, त्यांनी खरंच काय सोंग घेतलं ते कुणालाच कळलं नाही, म्हणजे ते कधी पकडले गेले नाहीत, असंच ना?” आम्ही तिचा कापलेला एक गुण परत दिला.